बटण न दाबता जिंकायचा गेम

सेल्वीने सगळ्यांत जास्त पॉइंट्स मिळवले तेव्हा कोवलम या तमिळ मच्छीमार गावातल्या शाळेचा व्हरांडा टाळ्यांनी दणाणला. नऊ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, बोटं भलतीच चपळ. फोनच्या इवल्याशा स्क्रीनवर एक पोरगा पळत होता आणि त्याच्या मागे एक कुत्रं. सहाचं बटण दाबलं की पोरगा पळायचा, दोनचं दाबलं की उडी मारायचा. वाटेत गटार, सायकल, कंपाउंडची भिंत. जितकं जोरात पळाल तितके पॉइंट्स जास्त. मी मागे उभी राहून कौतुकाने बघत होते, कारण गेम आमचा होता.

डॉक्टर मैथिली सेल्वीसमोर उकिडव्या बसल्या. त्या जनावरांच्या डॉक्टर. रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस टोचणाऱ्या एका ट्रस्टचं काम त्या बघायच्या आणि मुलांना कुत्री चावू नयेत म्हणून हा गेम त्यांनीच आमच्याकडून बनवून घेतला होता.

"छान," त्या तिला तमिळमध्ये म्हणाल्या. "आता समज, खरंखुरं कुत्रं समोर आलं. काय करशील?"

सेल्वीने फोन माझ्या हातात दिला, परकर गुडघ्यापर्यंत खोचला आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत सुसाट पळत गेली. वाटेत टीचरांचं स्टूल होतं, त्यावरून उडी मारली. पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

डॉक्टरांनी नाही वाजवल्या. त्या उठल्या आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "वैशाली, तुमच्या गेमने तिला खरंच शिकवलं. आता ती आधीपेक्षा जोरात पळेल आणि कुत्रं आधीपेक्षा जोरात तिच्या मागे लागेल."

सेल्वी धापा टाकत परत आली तेव्हा तिच्या पोटरीवरचा चाव्याचा व्रण मला पहिल्यांदा नीट दिसला.

आमची कंपनी छोटी होती. शहरातल्या तिरुवल्लिकेणी भागातल्या एका गल्लीत, खाली मेस, वर आम्ही. आजूबाजूला एकट्या पुरुषांनी भाड्याने राहायच्या मॅन्शन. मेसमधलं उरलंसुरलं खायला गल्लीतली सगळी कुत्री आमच्याच जिन्याखाली मुक्कामाला असत. ते दिवस रंगीत स्क्रीनच्या बटणवाल्या फोनचे. लोक रिंगटोन विकत घ्यायचे, फोनवर विनोद मागवायचे, क्रिकेटचे गेम खेळायचे. आम्ही हे सगळं बनवायचो. माझं काम गेम डिझाइनचं. म्हणजे खेळणाऱ्याने काय करायचं, कशाला पॉइंट्स मिळायचे, कधी हरायचं, हे ठरवायचं. नवरा आवडी नावाच्या लांबच्या उपनगरात, तिथल्या डिफेन्स फॅक्टरीत, क्वार्टरही तिथेच, आणि मी नांदेडची मुलगी रोज लोकलला लोंबकळत तिरुवल्लिकेणीला येऊन कुत्र्यांना चुकवत जिना चढायची.

माझ्या डिझाइनचं प्रोग्राममध्ये रूपांतर करायचे गोविंदराव. तंजावरकडचे मराठी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेलं, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी आणि बोलण्याची चाल मात्र पूर्ण तमिळ. माझ्यापेक्षा वयाने लहान असूनही मी त्यांना राव लावायची आणि ते मला अक्का म्हणायचे.

डॉक्टरांनी पहिल्या मीटिंगमध्ये एवढंच सांगितलं होतं की मुलांनी कुत्र्यापासून कसं वाचायचं ते शिकवा. आमच्या धंद्यात समोर शत्रू आला की दोनच गोष्टी करतात, पळतात किंवा मारतात. आम्ही दोन्ही ठेवलं होतं. दगड मारायचं बटण डॉक्टरांनी सुरुवातीलाच काढायला लावलं. उरलं पळणं. गेमचं नावही आम्ही "ओडु" ठेवलं होतं, म्हणजे तमिळमध्ये पळ.

कोवलमहून परतताना बसमध्ये डॉक्टरांनी माझी कुत्र्यांवरची शाळा घेतली. पळणारी वस्तू दिसली की कुत्रं मागे लागतं. मग ती वस्तू मांजर असो, स्कूटर असो नाहीतर पोर असो. किंचाळलं, हात हलवले की त्याला आणखी चेव येतो. डोळ्यांत रोखून बघितलं तर त्याला वाटतं, हा भांडायला उभा आहे. तेव्हा करायचं काय? झाड व्हायचं. जागच्या जागी उभं राहायचं, हात अंगालगत, तोंड बंद, नजर आपल्याच पायांकडे. कुत्रं येतं, हुंगतं, त्याला काही मजा येत नाही, निघून जातं.

"आणि नाही गेलं तर?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा जातं. आणि पळून तर कुणाचंच भलं होत नाही."

मग त्यांनी सेल्वीची गोष्ट सांगितली. तिचं घर गावाच्या एका टोकाला, शाळा दुसऱ्या. मधे किनारा, जिथे सकाळी बोटी लागतात आणि मासळीचा लिलाव होतो. मासळीच्या कचऱ्यावर कुत्र्यांची टोळी पोसलेली. आदल्या वर्षी सेल्वी त्यांना बघून पळाली आणि एकाने पोटरी धरली. इंजेक्शनं वेळेवर झाली, जखम भरली. पण त्यानंतर ती त्या रस्त्याने एकटी जाईना. आई पार्वती मासळी विकायची. ऐन लिलावाच्या वेळी तिला लेकीला सोडायला जावं लागायचं आणि परत येईपर्यंत चांगला माल गेलेला असायचा.

"ती मला म्हणाली, डॉक्टरअम्मा, मे महिन्याच्या सुट्टीनंतर मला जमायचं नाही. पोरगी घरीच राहील." डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "रागाने नाही म्हणाली. ठरवून म्हणाली. म्हणून मला तो गेम सुट्टीच्या आत हवा आहे."

माझी मुलगी त्याच वयाची. ती फॅक्टरीच्या बसने शाळेच्या दारात उतरायची. मला त्या दिवशी स्वतःच्या टाळ्यांची लाज वाटली आणि रागही आला. राग आला की मी काम बरं करते.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या शेषाद्री सरांच्या केबिनमध्ये गेले.

"गेम बदलायचाय," मी म्हटलं.

"का? पोरांना आवडला ना?"

"फार आवडला. म्हणूनच."

मी नवीन कल्पना सांगितली. कुत्रं समोर येतं. खेळणाऱ्याने बटणांवरून बोट काढायचं आणि काढून ठेवायचं. एकही बटण दाबलं की चावलं. नाही दाबलं की कुत्रं हुंगून जातं आणि जिंकलात.

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे प्लेअरने करायचं काय?"

"उभं राहायचं."

"आणि?"

"आणि काही नाही."

"वैशाली, लोक फोन हातात घेतात ते बटणं दाबायला. काही न करायला फोन कशाला लागतो? ते माझा जावई फुकट करतो."

मी हसले नाही. सरांनी खुर्ची मागे ढकलली. "हे बघ. महिनाअखेरीला मोबाइल कंपनीच्या मिसेस थॉमस येणार आहेत. त्यांनी हा गेम त्यांच्या मेनूत फुकट टाकायचं कबूल केलं तर पोरांपर्यंत पोचेल. नाहीतर तुझी डॉक्टर तो गेम स्वतःच्या फोनवर एकटी खेळत बसेल. तोपर्यंत काय करायचं ते कर. त्यानंतर तू आणि गोविंदराव रिंगटोनवर."

रिंगटोनवर जाणं म्हणजे आमच्याकडे शिक्षा होती.

आम्ही कामाला लागलो. गेम मोबाइलवर करणं म्हणजे ट्रंकेत संसार बसवण्यासारखं. आजच्या एका साध्या फोटोला जेवढी जागा लागते त्याहून किती तरी कमी जागेत अख्खा गेम बसवावा लागे, चित्रं आणि संगीत धरून. गोविंदरावांनी भिंती काढल्या, सायकल काढली, गटार काढलं आणि वाचलेली सगळी जागा कुत्र्याला दिली. कुत्रं फार छान झालं. कान हलवायचं, मान तिरकी करायचं, पोराभोवती चक्कर मारून पाय हुंगायचं. एका कानाला खाच होती. लस टोचून नसबंदी केलेल्या कुत्र्याच्या कानाला अशी खाच करतात, म्हणून डॉक्टरांनी ती मुद्दाम दाखवायला लावली होती. पोरगं पडलं तर काय, यासाठीही एक लेव्हल होती. त्यात बटणावरून बोट काढलं की ते कानांवर हात घेऊन पोटाशी पाय दुमडून पडायचं. गेमचं नाव ठेवलं "मरम", म्हणजे झाड.

गेम तयार होत असताना आम्ही तो एम्युलेटरवर खेळून बघायचो. एम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणारा खोटा फोन. खऱ्या फोनवर दर वेळी गेम चढवायचा म्हणजे वायर शोधा, ब्लूटूथ जोडा, अर्ध्यावर तुटलं की पुन्हा जोडा. त्यापेक्षा हे सोयीचं. एम्युलेटरवर "मरम" लोण्यासारखा चालला. आम्ही दोघं माउसवरून हात उचलून बसायचो, कुत्रं हुंगायचं आणि जायचं. जिंकल्यावर गोविंदराव मान डोलवायचे. ऑफिसात येणाऱ्या चहावाल्यालाही आम्ही खेळायला लावलं.

सरांना दाखवायच्या दिवशी गेम त्यांच्या खऱ्या फोनवर चढवला.

कुत्रं आलं. सरांनी बोट बाजूला घेतलं. कुत्रं जवळ आलं, नाक पुढे केलं, आणि स्क्रीन काळी झाली.

"हँग झाला," सर म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. उजेड आला. कुत्र्याने चावा घेतला.

"सर, दाबायचं नाही," मी म्हटलं.

पुन्हा सुरू केला. पुन्हा कुत्रं नाकाशी आलं, पुन्हा काळोख, पुन्हा सरांचं बोट, पुन्हा चावा.

"हा तुमचा गेम," सर फोन माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "फक्त आंधळ्याला आणि मेलेल्याला जिंकता येईल."

गोविंदरावांनी फोन उचलून उलटसुलट बघितला. मग ते शांतपणे म्हणाले, "अक्का, फोन मेला नाही. निजला आहे. उजेड विझला इतकेंच."

प्रकरण अगदी साधं होतं. थोडा वेळ बटण दाबलं नाही की फोनला वाटतं, मालक गेला. मग बॅटरी वाचवायला तो उजेड बंद करतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण गेम करणाऱ्याला त्याची कधी आठवणच होत नाही, कारण आमच्या गेममध्ये लोक सतत बटणं बडवत असतात. बटण न दाबणारा खेळाडू कुणी कधी बनवलेलाच नव्हता. आणि एम्युलेटरमधला खोटा फोन कधी झोपत नाही, त्याला बॅटरीच नसते. आम्ही इतके दिवस अशा फोनवर जिंकत होतो जो जगात कुणाच्याच खिशात नव्हता.

गोविंदराव उजेड चालू ठेवायची कमांड शोधून आले. महागड्या फोनवर ती चालली. पण पार्वतीकडे होता तो स्वस्त फोन, कोवलमात निम्म्या बोटवाल्यांकडे होता तोच. त्याने ती कमांड ऐकून घेतली आणि सोडून दिली. गोविंदरावांनी तऱ्हेतऱ्हेने विनवून पाहिलं. शेवटी म्हणाले, "सगळें करून पाहिलों, अक्का. तो ऐकत नाही."

सरांनी मधला मार्ग काढला. "एक बटण ठेवा. श्वास घ्यायचं बटण. थोड्या थोड्या वेळाने पाच दाबायचं, पोरगा श्वास घेईल, उजेडही राहील. झालं."

मला तो इतका पटला की मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. मोह फार होता, महिना संपत आला होता.

"नको," डॉक्टर म्हणाल्या. "कुत्रं समोर असताना थोड्या थोड्या वेळाने काहीतरी करायचं, ही सवय मी कुठल्याच मुलाला लावणार नाही. काही करायचं नाही म्हणजे नाही."

"मग होणार नाही, डॉक्टर," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"मग पळायचाच गेम ठेवा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी डबा उचलून तणतणत खाली उतरले. जिन्याच्या तोंडाशी मेसचा तपकिरी कुत्रा आडवा आला आणि सरळ माझ्या डब्याच्या पिशवीशी आला. एरवी मी पिशवी उंच धरून उलटी वर पळाले असते. इतकी वर्षं तेच केलं होतं. त्या दिवशी मात्र म्हटलं, चल बाई, दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतेस ना, कर आता. मी थांबले. हात अंगाला चिकटवले. मान खाली घातली आणि चपलांकडे बघत राहिले.

चपलांखेरीज मला काहीच दिसत नव्हतं. कुत्रं डावीकडे आहे की उजवीकडे, दात काढलेत की शेपूट हलवतंय, काही कळत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं. सूं, सूं. साडीच्या काठाशी गरम श्वास. भीती अशी वाटत होती की मान वर करून एकदा बघून घ्यावं, बस. तेवढं मात्र करायचं नव्हतं. मग नखांचा टकटक आवाज लांब गेला. मेसवाल्याने मागून विचारलं, "काय मॅडम, पैसे पडले का?"

मी जेवायला गेलेच नाही. तशीच वर गेले. गोविंदराव दहीभात खात होते.

"राव, उजेड लावू नका," मी म्हटलं. "विझू दे."

"विझला तर पोरांस कुत्रें दिसणार कसें?"

"दिसायचंच नाहीये. पायांकडे बघायचं म्हणजे कुत्रं दिसत नाही. अंधार झाला म्हणजे पोराने मान खाली घातली. आपण इतके दिवस जो बिघाड काढतोय ना, तोच गेम आहे."

त्यांनी हातातला घास तसाच ठेवला. मग म्हणाले, "तर मग कानांनीं खेळायचें."

तंजावरी माणसाला आवाजाचं काही सांगावं लागत नाही. गोविंदरावांचे वडील हरिकथेला हार्मोनियमची साथ करायचे. ज्या फोनला नीट रिंगटोन वाजवता येत नव्हती त्याच्याकडून रावांनी कुत्र्याचं हुंगणं काढून घेतलं. आधी लांबून, मग जवळ, मग अगदी कानाशी. मधे एक गुरगुर, तीही बारीक. आणि कुत्रं गेल्यावर शाळेची घंटा. घंटा ऐकू आली की बटण दाबायचं, उजेड येतो आणि पोरगं वर्गात बसलेलं असतं. सुरुवातीला तमिळमध्ये एक ओळ: कुत्रं आलं की पायांकडे बघ, अंधार झाला की समज, तू बरोबर करतेयस.

या वेळी एम्युलेटरला मी हातही लावू दिला नाही. ऑफिसातल्या, मेसमधल्या, मॅन्शनमधल्या जितक्या लोकांचे फोन मिळाले तितक्यांवर चढवून बघितला. सगळे फोन वेळेवर झोपले. त्यांच्या झोपण्याचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

मिसेस थॉमस आल्या. कडक इस्त्रीची साडी, घड्याळाकडे लक्ष. सरांनी प्रस्तावना सुरू केली, त्यांनी हातानेच थांबवली आणि फोन घेतला. कुत्रं आलं. त्यांनी बोट काढलं. काळोख झाला. कॉन्फरन्स रूममध्ये कुणी हलेना. सूं, सूं. गुरगुर झाली तेव्हा मी मिसेस थॉमसच्या अंगठ्याकडे बघत होते. तो बटणाच्या दिशेने जरासा झुकला आणि तसाच राहिला. माझ्या शेजारी सरांनी श्वास रोखला होता, जावयासकट सगळे विनोद विसरून. मग घंटा झाली.

मिसेस थॉमसनी श्वास सोडला आणि हसल्या. "फोन हातात घेऊन इतका वेळ बटण न दाबता मी स्वतः कधी बसले नाही, माझा मुलगा तर नाहीच," त्या म्हणाल्या. "मी हा मेनूत टाकते. फुकट."

त्या गेल्यावर सर म्हणाले, "काही न करण्यातही बरंच काम असतं म्हणायचं." आमच्या ऑफिसात याला शाबासकी म्हणत.

पण माझी खरी परीक्षा कोवलमला होती. सुट्टी लागायच्या दिवशी डॉक्टरांनी गेम पार्वतीच्या फोनवर चढवून दिला. सुट्टीभर सेल्वी तो खेळत होती, वस्तीतल्या सगळ्या पोरांना खेळवत होती, असं डॉक्टर सांगायच्या. मधे त्यांच्या ट्रस्टने किनाऱ्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी करून लसही टोचून घेतली. तरी त्यांनी पार्वतीला स्पष्ट सांगितलं होतं की फोनवर जिंकणं वेगळं. पार्वती म्हणाली होती, एक दिवस बघते. एकच.

शाळा उघडायच्या सकाळी मी पहिल्या बसने कोवलमला गेले. बोटी लागल्या होत्या, लिलावाची ओरड चालू होती, वाळूवर जाळी पसरलेली. पार्वती टोपली घेऊन लिलावाच्या घोळक्यात उभी होती, पण तिचं तोंड मासळीकडे नव्हतं. सेल्वी घरातून निघाली. नवा युनिफॉर्म, पाठीवर दप्तर. डॉक्टर आणि मी हाक ऐकू जाईल इतक्या अंतराने मागे. डॉक्टरांच्या हातात बिस्किटांचा पुडा होता, वेळ पडली तर कुत्र्याला दुसरीकडे वळवायला.

बोटींपाशी दोन-तीन कुत्री पडली होती. त्यांतलं एक उठलं. पिवळट, मोठं, कानाला ताजी खाच. सेल्वीने ते बघितलं. तिची पावलं अडखळली आणि मला वाटलं, संपलं, आता पळणार. ती थांबली. दप्तराचे पट्टे धरलेले हात तिने सोडले आणि अंगालगत घेतले. मान खाली घातली.

कुत्रं आलं. आधी दप्तर हुंगलं, मग स्कर्ट, मग पोटरी. तीच पोटरी. डॉक्टरांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. लिलावाची ओरड हळूहळू थांबली, कारण बायका बघायला लागल्या होत्या.

आणि तेवढ्यात शाळेची घंटा झाली.

आमच्या गेममध्ये घंटा झाली म्हणजे कुत्रं गेलं. घंटा झाली म्हणजे हल. सुट्टीभर त्या पोरीला मी हेच शिकवलं होतं. हे कुत्रं अजून तिच्या पायाशी होतं. "सेल्वी, निल्लु," मी पुटपुटले. थांब. ओरडायची सोय नव्हती. पार्वतीने टोपली खाली ठेवलेली मला दिसली.

सेल्वीची मान हलली नाही. घंटा वाजून थांबली तरी ती तशीच उभी होती. कुत्र्याने आणखी थोडं हुंगलं, शिंकलं आणि मासळीच्या वासाने बोटींकडे निघून गेलं. त्यानंतरही तिने नजर खालीच ठेवून जरा वेळ काढला. मग मान वर केली, कुत्रं कुठे आहे ते बघितलं आणि चालू लागली. पळाली नाही. घंटा होऊन गेलेली असताना, पहिल्या दिवशी उशीर होत असताना, ती पोरगी रमतगमत चालत शाळेच्या फाटकात गेली आणि तिथून आईकडे बघून हात हलवला.

मी सरळ रडले. डॉक्टर बिस्किटाचा पुडा फोडून स्वतःच खात होत्या. लिलावाच्या बायकांनी पार्वतीला घेरलं होतं आणि ती सगळ्यांना फोन दाखवत होती, स्क्रीन काळी होती तरी. मग कुणीतरी तिला हाक मारली, तिने टोपली उचलली आणि त्या दिवशी ती लिलाव संपेपर्यंत तिथून हलली नाही.

मधल्या सुट्टीत सेल्वीला भेटले. माझी अपेक्षा होती की ती खूश असेल. ती वैतागलेली होती.

"अक्का, तुमचा गेम चुकलाय," ती म्हणाली. "घंटा आधी झाली. कुत्रं नंतर गेलं."

"मग तू थांबलीस कशी? गेममध्ये तर घंटा झाली की हलायचं असतं."

"सूं सूं चालू होतं ना," ती म्हणाली. मला एवढंही कळत नाही याचं तिला नवल वाटलं असावं.

त्याच आठवड्यात आम्ही गेम बदलला. नव्या गेममध्ये घंटा कधी नंतर होते, कधी आधी होते, कधी गुरगुर चालू असतानाच होते. घंटेला फसलात की चावलं. गोविंदराव म्हणाले, आतां पहिल्यापेक्षां चांगला झाला. शेषाद्री सरांनी विचारलं की बदल कुणी सुचवला. मी सांगितलं, कोवलमच्या क्लायंटने.

"मरम" पुढे बऱ्याच फोनवर गेला, शाळांनी वर्गात खेळवला आणि आम्ही कुणीच रिंगटोनवर गेलो नाही. सेल्वी शाळेत राहिली. पुढच्या वर्षी डॉक्टरांबरोबर गेले तेव्हा ती धाकट्या पोरांची रांग घेऊन बोटींजवळून चालली होती, आणि कुत्रं उठलं की सगळी रांग जागच्या जागी थांबत होती. मासळीवाल्या बायका वाट वाकडी करून त्यांच्या बाजूने जात होत्या.

आमच्या धंद्यात येणाऱ्या नव्या मुलांना मी आजही तीनच गोष्टी सांगते. कॉम्प्युटरवर चाललं म्हणजे चाललं असं धरू नका, खऱ्या फोनवर बघा. फोनवर चाललं की फोन घेऊन रस्त्यावर जा. आणि घंटा झाली तरी, सूं सूं थांबल्याशिवाय हलू नका.